कोडगूची बी, फोर्टमधला कप, बदलापूरची लोकल

अंबरनाथच्या मंगल कार्यालयात डिसेंबरातल्या रिसेप्शनला कॉफीचा काउंटर शोधावा लागत नाही, आवाजच तिथवर नेऊन सोडतो. खाली गॅसची शेगडी, वर पाण्याची चकचकीत टाकी, टाकीवर दाबाचं मीटर आणि बाजूला वाफेची नळी. केटररचा पोऱ्या स्टीलच्या जगात दूध घेतो, नळी त्यात बुडवतो, फुस्सकन वाफ सुटते आणि दूध फुगत फुगत काठाशी येतं. कागदी कपात कॉफी आणि साखर आधीच फेटून ठेवलेली असते. त्यावर दूध, दुधावर फेस, फेसावर चॉकलेट पावडरीची चिमूट. रांगेतले काका "साखर कमी हं" म्हणतात, पण तोवर साखर आत जाऊन बसलेली असते.

या कॉफीची पूड इन्स्टंट असते आणि तिच्यात बहुधा चिकोरी असते. पाकिटावर बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी, एवढं नियम सांगतो. ती कुठल्या मळ्यातली, कधी भाजलेली, हे कुणी विचारत नाही आणि केटररलाही ठाऊक नसतं.

अशाच रांगेत उभे राहिलेले कितीतरी जण सोमवारी सकाळी अंबरनाथहून ६० किलोमीटर, नाहीतर बदलापूरहून ६८ किलोमीटर लोकलने जाऊन सीएसएमटीला उतरतात. तिथून हॉर्निमन सर्कलपर्यंत चालत दहा-बारा मिनिटं. त्या चौकातल्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये १९ ऑक्टोबर २०१२ रोजी स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. टाटा आणि अमेरिकन कंपनी यांची त्यात निम्मी-निम्मी भागीदारी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या नोकरदारांची साखळी दुकानांतल्या कॉफीशी पहिली ओळख बहुधा अशी, लोकलच्या मुंबईकडच्या टोकाला झाली. कपाला अडीचशे-तीनशे रुपये मोजताना लग्नातली फुकटची कॉफी आठवतेच. एवढे पैसे नेमके कशाचे?

विकायची मुभाच नव्हती

कॉफीहाउसांची साखळी ही कल्पना मुंबईला नवी नव्हती. मळेवाल्यांकडून कॉफीवर उपकर गोळा करणाऱ्या समितीने १९३६ साली चर्चगेटला इंडिया कॉफी हाउस उघडलं. देशात कॉफीचा खप वाढावा, हा त्यामागचा सरळ हेतू. पुढे ही दुकानं कॉफी बोर्डाकडे गेली, गावोगावी पसरली आणि पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली. तेव्हा कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या आणि १९५७पासून दुकानं स्वतः चालवायला घेतली. पांढऱ्या फेट्यातले वाढपी, जाडजूड कप आणि तासन्‌तास चालणाऱ्या गप्पा त्यामुळे टिकल्या.

पण मळ्यापासून कपापर्यंत सगळं एकाच घराच्या ताब्यात, अशी साखळी त्या काळात उभीच राहू शकली नसती. १९४२च्या कॉफी कायद्याखाली मळेवाल्याने आपला माल बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करायचा, बोर्डाने तो लिलावात विकायचा आणि शेतकऱ्याला प्रतीप्रमाणे ठरलेल्या गुणांनुसार हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे, अशी रीत होती. चांगली कॉफी पिकवणाऱ्याचं आणि जेमतेम पिकवणाऱ्याचं पीक एकाच ढिगात जाई. स्वतःची कॉफी स्वतःच्या नावाने विकायची मुभाच नव्हती. नव्वदच्या दशकात हे कुलूप टप्प्याटप्प्याने उघडलं आणि १९९६पर्यंत मळेवाले मोकळे झाले.

त्याच वर्षी चिकमगळूरच्या मळेवाल्या घरातल्या व्ही. जी. सिद्धार्थ यांनी बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान थाटलं. कॉफीच्या जोडीला तिथे इंटरनेट होतं. मळा घरचा, भाजणं घरचं, दुकान घरचं, हा नमुना त्यांनी देशाला दाखवला. कॉलेजातल्या मुलामुलींना तासभर बसायला जागा मिळाली, ही त्यातली खरी नवलाई.

टाटांचं घोडं वेगळ्या वाटेने आलं. कोडगूतल्या पोलिबेट्टाची कन्सॉलिडेटेड कॉफी ही जुनी मळेवाली कंपनी नव्वदच्या दशकाच्या तोंडावर टाटांकडे आली आणि तिची टाटा कॉफी झाली. सिॲटलच्या स्टारबक्सला भारतात यायचं होतं आणि टाटांच्या हाती मळे होते. २०११ साली करार झाला, २०१२च्या जानेवारीत भागीदारी जाहीर झाली. भारतातल्या दुकानांत एस्प्रेसोसाठी लागणारी कॉफी भारतातच घ्यायची आणि भारतातच भाजायची, हे त्यात ठरलेलं होतं.

एका कपात सत्तर फळं

कोडगूतला कॉफीचा मळा पहिल्यांदा पाहणाऱ्याला जंगलच वाटतो. वर सिल्व्हर ओक आणि जुनी रानझाडं, त्यांच्या खोडांवर चढलेले मिऱ्याचे वेल, आणि त्या सावलीत माणसाच्या उंचीला छाटून ठेवलेली कॉफीची झुडपं. ब्राझीलमध्ये मैलोन्‌मैल उघड्या उन्हात कॉफी उभी असते. आपल्याकडे ती सावलीतच वाढते. हत्तींची ये-जा असते, त्यामुळे सकाळी कामाला निघण्यापूर्वी रात्री कळप कुठून गेला याची चौकशी होते.

सगळं वर्ष दोन पावसांवर टांगलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये पहिला वळीव पडला की आठ-दहा दिवसांत झुडपं पांढऱ्या फुलांनी भरतात. फुलांनंतर आणखी एक सर हवी, नाहीतर फळ धरत नाही. रोबस्टाचे मळेवाले वळिवाची वाट न पाहता तुषार सिंचन सुरू करतात. नोव्हेंबरपासून अरेबिकाची तोडणी सुरू होते. तोडणीच्या दिवसांत नेमका पाऊस आला, तर पिकलेलं फळ फुटतं आणि उघड्यावर वाळत घातलेल्या बियांना बुरशी धरते.

देशात वर्षाला साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी पिकते. तिच्यातला सत्तर टक्क्यांच्या घरातला वाटा एकट्या कर्नाटकाचा. महाराष्ट्राच्या नावावर मेळघाटातल्या चिखलदऱ्याची इंग्रजांच्या काळापासूनची थोडीशी लागवड आहे, पण बाजाराच्या हिशेबात ती धरली जात नाही. देशातल्या कॉफीपैकी साधारण ७० टक्के रोबस्टा असते: काटक, कडवट, कॅफिन जवळजवळ दुप्पट. अरेबिका उंचावर वाढते, नाजूक असते आणि खोडकिडा तिला आतून पोखरतो. स्टारबक्स मात्र अरेबिकाच घेते. म्हणजे मोठ्या राशीतल्या लहान वाट्यातून तिला निवड करायची असते.

ही निवड झाडापाशीच सुरू होते. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि लाल फळं एकत्र असतात. घाईच्या तोडणीत सगळी ओरबाडली जातात. निवडक तोडणीत फक्त लाल काढायची आणि बाकीच्यांसाठी पंधरवड्याने पुन्हा त्याच झुडपाशी यायचं. कमरेला पिशवी बांधून हे काम करणाऱ्यांत आता आसाम-झारखंडकडून आलेली कुटुंबं पुष्कळ दिसतात. संध्याकाळी वजनकाट्यापाशी रांग लागते, कारण मजुरी किलोवर ठरते. हिरवी फळं जास्त निघाली तर मुकादम कुरकुरतो.

पाच-सहा किलो फळांतून एक किलो हिरवी कॉफी निघते. एस्प्रेसोच्या दुहेरी शॉटला साधारण १८ ग्रॅम भाजलेली पूड लागते. हिशेब उलटा केला तर एका कपासाठी सत्तरएक फळं हाताने तोडावी लागतात.

तोडलेलं फळ त्याच दिवशी पल्परमध्ये जायला हवं. यंत्र साल सोलतं, चिकट गर राहतो. तो आंबवून धुतला की बी पातळ टरफलासकट उन्हात पडते. दिवसभर तिला वरखाली करत राहायचं, संध्याकाळी झाकायचं. ओलावा अकरा टक्क्यांच्या आसपास आला की पोती भरतात. धुण्या-सोलण्याची सोय नसलेला छोटा शेतकरी फळ तसंच वाळवतो आणि गावातल्या व्यापाऱ्याला देतो. देशातली बहुतेक लागवड अशा छोट्या शेतकऱ्यांचीच आहे, पण साखळीला हवा असलेला एकसारखा माल मोठ्या मळ्यांकडून मिळणं सोपं जातं. कोणती कॉफी कुठल्या मळ्यातून आली, मजुरांना काय मिळालं, पाणी कसं वापरलं, सावलीची झाडं राखली का, हे तपासायची एक पद्धत स्टारबक्सने कन्झर्व्हेशन इंटरनॅशनल या संस्थेच्या मदतीने २००४ साली बसवली. तिचे कागद ठेवायलाही माणूस लागतो, आणि पाच एकरवाल्याकडे तो नसतो.

चाळण्या आणि चमचे

पोती मग क्युरिंग वर्क्समध्ये जातात. चिकमगळूर, हासन, कुशालनगर, मंगळुरू इथल्या या गिरण्यांत टरफल निघतं, बी वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्यांतून खाली उतरते आणि आकाराप्रमाणे तिला प्लांटेशन एए, ए, बी अशी नावं मिळतात. फळात दोनऐवजी एकच गोल बी धरली असेल तर ती पीबी म्हणून बाजूला पडते. यंत्राचे डोळे काळ्या, कच्च्या, किडलेल्या बिया हवेच्या फटकाऱ्याने उडवतात. आंबलेली बी मूठभर जरी आत राहिली, तरी सगळ्या घाण्याला वास लागतो.

आकार चाळणी सांगते. चव मात्र माणसालाच घ्यावी लागते. ओळीने मांडलेल्या पेल्यांत जाडसर दळलेली कॉफी, त्यावर गरम पाणी, चार मिनिटं थांबायचं. वर आलेली साय चमच्याने फोडायची, नाक पेल्यात घालून वास घ्यायचा, मग चमचाभर कॉफी जोरात सुर्रकन ओढायची आणि थुंकायची. आवाज करत पिऊ नये ही घरची शिकवण इथे मोडावी लागते, कारण हवेबरोबर ओढल्याशिवाय वास टाळ्याला लागत नाही. एकेका दिवशी शेकडो चमचे ओढणारे चाखणारे या धंद्यात आहेत.

त्यांना सर्वांत चांगली कॉफी शोधायची नसते. गेल्या वर्षीसारखी लागणारी कॉफी शोधायची असते. पाऊस बदलतो, झाड म्हातारं होतं, एका मळ्यात आंबवणं दोन तास जास्त चालतं आणि चव सरकते. ती जागेवर आणण्यासाठी निरनिराळ्या मळ्यांच्या राशी मिसळाव्या लागतात. बदलापूरहून येणाऱ्या माणसाने मंगळवारी प्यायलेला कप आणि पुढच्या पावसाळ्यात पुण्यात प्यायलेला कप एकच लागला पाहिजे, यासाठी हा सगळा आटापिटा. एखाद्या मळ्याची कॉफी एकटीने उभी राहावी, असं क्वचित घडतं. टाटांच्या कोडगूतल्या नल्लूर मळ्याची कॉफी २०१६ साली सिॲटलच्या खास रोस्टरीत त्याच नावाने विकायला ठेवली गेली, तेव्हा भारतातल्या एकाच मळ्याच्या कॉफीला त्या काउंटरवर पहिल्यांदा जागा मिळाली.

बारा मिनिटांचा खेळ

भारतातल्या दुकानांसाठीची भाजणी कुशालनगरला होते. टाटांचा हा कारखाना २०१३च्या सुरुवातीला सुरू झाला. मळे जवळ आहेत, आणि कच्ची कॉफी महिनोन्‌महिने टिकते. भाजलेली टिकत नाही, म्हणून भट्टीनंतरची घाई मोठी.

हिरव्या बीला कॉफीचा वास नसतो, वाळल्या गवताचा असतो. ती तापलेल्या, फिरत्या पिंपात पडली की आधी पाणी सोडते, मग पिवळी होते आणि भाजक्या पावासारखा वास येऊ लागतो. दोनशे अंशांच्या आसपास लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट होतो. बी फुगते, वजन घटतं. इथून पुढे प्रत्येक पाव मिनिट चव बदलतं. लवकर काढली तर आंबटपणा आणि फळाचा वास राहतो. जास्त ठेवली तर दुसरा तडतडाट होतो, बीवर तेल येतं आणि कडू, जळक्या साखरेची चव पुढे येते. साधारण बारा-पंधरा मिनिटांत सगळं आटपतं. पिंपाचं तोंड उघडलं की बिया मोठ्या जाळीदार परातीत पडतात आणि गार हवेचा झोत त्यांना तिथल्या तिथे थांबवतो. थांबवलं नाही तर त्या आपल्याच उष्णतेत भाजत राहतात. शंभर किलो घातले तर पंच्याऐंशीच्या आसपास हाती येतात.

मोठ्या साखळ्या गडद भाजणीकडे झुकतात, यामागे व्यवहार आहे. आपल्याकडे बहुतेक कॉफी दुधातून प्यायली जाते आणि हलकी भाजलेली कॉफी दुधात हरवते. शिवाय गडद भाजणीत राशीराशींतले बारीकसारीक फरक बुजतात. चोखंदळ पिणारे याच कारणाने नाक मुरडतात. त्यांच्यासाठी ब्लू टोकाई (२०१३) आणि थर्ड वेव्ह (२०१६) यांच्यासारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. ब्लू टोकाई तर मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख पाकिटावरच छापते.

भाजलेली बी काही दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत राहते. घट्ट बंद केलं तर पाकीट फुगून फुटेल, उघडं ठेवलं तर हवा लागून कॉफी मरेल. म्हणून पाकिटावर ते बारीक भोक आणि त्यामागे झडप असते. त्यातून वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. दुकानात पाकीट दाबून वास घेणारी माणसं दिसतात, ती याच झडपेची कृपा. अशी पाकिटं खोक्यांत भरून हजारावर किलोमीटर रस्त्याने मुंबईत येतात.

दहा रुपयांची कॉफी

दुकानातली करामत सेकंदांची असते. यंत्र बी दळतं, पूड दाबतं, नऊ बार दाबाने पाणी सोडतं आणि पंचवीस-तीस सेकंदांत शॉट उतरतो. काउंटरमागची मुलगी तोवर दुधात वाफ सोडते. तिचं कसब आता मुख्यतः दुधात आहे: फेस बारीक हवा, बुडबुडे नकोत, दूध उतू जाण्याइतकं तापता कामा नये. मंगल कार्यालयातला पोऱ्या आणि ही मुलगी एकच काम करत असतात. तिच्याकडे तापमान पाळायचा दंडक आहे, त्याच्याकडे दोनशे पाहुण्यांची रांग.

आता हिशेब. १८ ग्रॅम पूड म्हणजे सुमारे २१ ग्रॅम हिरवी कॉफी. चांगली अरेबिका किलोला ५०० रुपये धरली, तरी कपातल्या कॉफीची किंमत साडेदहा रुपये होते. दूध पंधरा-वीस रुपयांचं. वर्षभर राखलेली, सत्तर फळं तोडून, चाळून, चाखून, भाजून आणलेली बी कपातल्या दुधापेक्षाही स्वस्त निघते. उरलेली रक्कम भाडं, वातानुकूलन, पगार, यंत्र, सजावट, कर आणि नावाचा मोबदला यांत जाते. सर्वांत मोठा खर्च बहुधा खुर्चीचा. एक कप घेऊन लॅपटॉपवर तीन तास बसलेला माणूस फोर्टातली दोन-तीन चौरस मीटर जागा भाड्याने वापरत असतो.

सिॲटलचं मूळ दुकान १९७१ साली निघालं तेव्हा तिथे भाजलेल्या बिया विकत मिळत, बसून कॉफी पिण्याची सोय नव्हती. हॉवर्ड शुल्ट्झ १९८३ साली मिलानला गेले, तिथले कॉफीबार पाहून आले आणि धंद्याचा रोख बीकडून बसण्याकडे वळला.

बसण्याचा हा धंदा भारतात अजून नफ्याचं गणित जुळवतो आहे. टाटा स्टारबक्सची उलाढाल २०२३-२४ साली बाराशे कोटींच्या वर गेली, आणि त्याच वर्षी तोटाही वाढला, कारण नवी दुकानं उघडण्याचा खर्च आधी होतो, गिऱ्हाईक नंतर जमतं. कॅफे कॉफी डेची दुकानं एकेकाळी सतराशेच्या घरात होती. कर्जाचा डोंगर झाला, जुलै २०१९मध्ये सिद्धार्थ यांचा मृत्यू झाला आणि पुढच्या काही वर्षांत दुकानं साडेचारशेच्या आसपास उरली. मळे घरचे असूनही वाचवता आलं नाही.

कल्याणच्या पुढे

जानेवारी २०२४मध्ये टाटा स्टारबक्सने २०२८पर्यंत एक हजार दुकानांचं उद्दिष्ट जाहीर केलं. म्हणजे दर तीन दिवसांनी एक नवं दुकान, आणि मोठ्या शहरांबाहेरही. २०२५पर्यंत दुकानं साडेचारशेवर गेली होती. उद्दिष्ट जाहीर होण्याआधी २०२२ साली चार शहरांत लहान, १७७ मिलिलिटरचा 'पिक्को' कप, मसाला चहा आणि फिल्टर कॉफी विकून पाहिली होती. किंमत कमी केल्याशिवाय महानगरांबाहेर पाय रोवता येणार नाही, हे त्यातून दिसतं.

कल्याणच्या पुढच्या पट्ट्याचं बळ आकड्यात लहान नाही. २०११च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर मिळून सव्वानऊ लाखांवर माणसं होती, आणि त्यानंतर बदलापूरला टॉवर उगवतच राहिले. साखळी दुकान जागा शोधताना लोकसंख्येवर थांबत नाही. दुपारी दोन वाजता गावात कोण असतं, हे ती आधी पाहते. आणि इथेच गाडी अडते. अंबरनाथ-बदलापूरचा पगारदार सकाळच्या लोकलने गेलेला असतो आणि रात्री नऊला उतरतो तेव्हा त्याला घर गाठायचं असतं, कॅफे नको असतो. शनिवार-रविवार सोडले तर महागड्या खुर्च्या रिकाम्या राहायची भीती.

उल्हासनगरची तऱ्हा उलटी. फाळणीनंतर निर्वासित सिंध्यांनी वसवलेल्या या गावात माणसं गावातच धंदा करतात, पैसा गावातच फिरतो. गजानन मार्केटच्या कापडदुकानात गिऱ्हाइकाची गादीवर बसून खरेदी चालते आणि सौदा चहावर पक्का होतो. चहा दुकानात येतो, दुकानदार चहाकडे जात नाही. गोल मैदानाभोवती संध्याकाळी खाण्यापिण्यावर खर्च करणाऱ्यांची गर्दी असते, पण ती उभ्याने, गाडीपाशी, घोळक्याने खाणारी.

मधली जागा छोट्या कॅफेंनी पकडली आहे. एका गाळ्यात चार टेबलं, भिंतीवर निऑनची अक्षरं, शंभर-सव्वाशेला कोल्ड कॉफी. कुणी मुंबईच्या रोस्टरकडून किलोच्या पिशवीत भाजलेल्या बिया आणतो, कुणी तयार प्रिमिक्स दुधात फिरवतो. गिऱ्हाईक कॉलेजचं किंवा क्लासचं, वर्क फ्रॉम होमवाले जोडीला. वन बीएचकेत दोघांच्या मीटिंगा एकाच वेळी लागल्या की एकाला बाहेर पडावंच लागतं. स्टेशनाजवळच्या उडुप्याकडे फिल्टर कॉफी याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते, पण तिथे लॅपटॉप उघडला तर वेटर बिल आणून ठेवतो.

या गाळ्यांनाही जगाचा बाजार आता थेट लागतो. ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळाने २०२४मध्ये रोबस्टाचे भाव विक्रमी गेले आणि फेब्रुवारी २०२५मध्ये अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर पोचली. मोठी साखळी महिनोन्‌महिने आधी करार करून ठेवते आणि तिच्या कपात बीचा वाटा इतका लहान, की धक्का मुरतो. गाळ्यातला कॅफेवाला किलोकिलोने घेतो. त्याला भाव वाढल्याचं पुढच्याच पिशवीला कळतं, आणि कपामागे दहा रुपये वाढवले तर समोरचा वाढवेल का, या विचारात तो महिना काढतो.

दिवाळीच्या सुमारास कोडगूत अरेबिका लालसर व्हायला लागते. भाव चढे असले की मळेवाल्यांना राखणीची चिंता वाढते आणि छोटे शेतकरी माल लगेच द्यावा की घरात ठेवावा, या पेचात पडतात. या हंगामातली फळं जानेवारीपर्यंत तोडली जातील, उन्हाळ्याच्या सुमारास गिरणीतून निघतील आणि कुशालनगरच्या भट्टीतून फोर्टात किंवा कल्याणच्या पुढे कुठे उघडलेल्या नव्या दुकानात पोचतील. तोवर त्यांचा भाव दोनदा तरी बदललेला असेल. फळ्यावरची किंमत खाली आल्याचं मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही.